चतुर ओळखायचा क्रम: रंग सगळ्यात शेवटी

पावसाळा सरत आला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. एक लाल चतुर, अगदी वरून टिपलेला, आणि खाली एकच ओळ: ‘याचं नाव काय?’ कुठे दिसला ते लिहिलेलं नसतं, केवढा होता ते कळत नाही, पाय दिसत नाहीत, पोटाची बाजू दिसत नाही. अशा फोटोला मी निदान तीन-चार नावं देऊ शकतो. त्यातलं बरोबर कुठलं, हे फोटो काढणाऱ्याला तिथे उभं असताना कळलं असतं. मला घरी बसून कळत नाही.

गफलत एकाच ठिकाणी होते. लोक रंगापासून सुरुवात करतात. पण रडी मार्श स्किमर हा अगदी नेहमीचा लाल चतुर लहानपणी पिवळा असतो, त्याची मादी जन्मभर पिवळी राहते, आणि लाल होतो तो फक्त वयात आलेला नर. म्हणजे एका जातीचे दोन रंग. उलट एकाच तळ्यावर लाल दिसणाऱ्या चार जाती मिळतात. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. पाणी आणि बसण्याची ढब आधी, पंख नंतर, मग नर-मादी, मग वय, आणि रंग सगळ्यात शेवटी. या लेखातल्या जाती महाराष्ट्र आणि गोव्यात नेहमी दिसणाऱ्या आहेत. दुर्मीळ जातींच्या वाटेला मी गेलेलो नाही.

## निघण्यापूर्वी

वेळ. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. सकाळी नऊ ते बारा, आणि ऊन हवं. ढगाळ दिवशी हे किडे गवतात दडून बसतात आणि तुम्हाला वाटतं, इथे काहीच नाही. काही जाती मात्र फक्त तिन्हीसांजेला उडतात. त्यांच्यासाठी वेगळी फेरी मारावी लागते.

सामान. आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते, फक्त ती दोन मीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवणारी असावी. पक्ष्यांसाठी घेतलेल्या बऱ्याच दुर्बिणी इतक्या जवळचं दाखवत नाहीत. विकत घेण्याआधी दुकानातच स्वतःच्या बुटाकडे रोखून बघा. दुर्बीण नसेल तर झूम असलेला फोन चालेल. वही आणि पेन्सिल लागेलच, कारण पेनाची शाई पावसात फुटते. कपडे मळखाऊ रंगाचे, लांब बाह्यांचे.

जाळी नको. या लेखातली एकही जात ओळखायला किडा पकडावा लागत नाही. अभयारण्यात तर परवानगीशिवाय पकडणं हा गुन्हाच आहे. लहानपणी आम्ही चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो. आज आठवलं तरी कसंसंच होतं.

एकच जागा निवडा. पहिल्या महिन्यात दहा ठिकाणी फिरू नका. घराजवळचं एक तळं, ओढा किंवा भातखाचर धरा आणि तिथेच आठवड्यातून एकदा जा. तिथल्या आठ-दहा जाती पक्क्या झाल्या की नवी जागा घ्या.

> सावध: पावसाळ्यात खाचरात किंवा डबक्यात अनवाणी उतरू नका. कोकणात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका खरा आहे, विशेषतः पायाला जखम असेल तर. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटा. शेवाळलेल्या दगडावर उभं राहून दुर्बिणीतून बघत पुढे सरकू नका. मी असाच एकदा फोनसकट ओढ्यात बसलो आहे.

## टप्पा 1: चतुर, टाचणी, की तिसराच कोणी?

बसल्यावर पंख विमानासारखे आडवे पसरलेले असतील आणि अंग दणकट असेल तर चतुर. पंख पाठीवर मिटून घेतले असतील, अंग काडीसारखं असेल आणि दोन डोळे डोक्याच्या दोन टोकांना डंबेलसारखे लांब असतील तर टाचणी.

याला दोन अपवाद आहेत. काही टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात. त्यांना चतुर म्हणू नका, अंग काडीसारखंच असतं. आणि क्लबटेल गटातल्या चतुरांचे डोळे एकमेकांना टेकलेले नसतात, मध्ये फट असते. त्यांना टाचणी म्हणू नका, अंग चांगलं जाडजूड असतं.

तिसरा कोणी म्हणजे अँटलायन, मातीत उलट्या शंकूसारखा खड्डा करणाऱ्या अळीचा प्रौढ किडा. रात्री दिव्यावर येतो, लुळा पडल्यासारखा उडतो आणि दुरून टाचणीसारखा दिसतो. त्याच्या मिशा बघा. त्या जाड आणि टोकाला गदेसारख्या फुगलेल्या असतात. चतुर आणि टाचणीच्या मिशा केसाएवढ्या, जवळजवळ न दिसणाऱ्या.

## टप्पा 2: किड्याआधी पाणी बघा

वहीत पहिली नोंद पाण्याची करा. वाहतं की साचलेलं? स्वच्छ की घाण? उन्हात की सावलीत? काठावर गवत आहे की नुसता सिमेंटचा कठडा? एवढ्यानेच निम्मी यादी गळून पडते.

गटार, घाण नाला, शहरातली नदी. इथे काठाच्या गवतावर, गुडघ्याच्याही खाली, शेकड्यांनी नारिंगी चतुर बसलेले असतील तर तो डिच ज्वेल. नावातच गटार आहे. पुण्या-मुंबईच्या नाल्यांवर सुरुवात याच्यापासूनच करा. तो घाबरून लांबही जात नाही.

सिमेंटची टाकी, हौद, घराची भिंत. करड्या-काळ्या ठिपक्यांचा, भिंतीला अंग चिकटवून बसलेला, तो ग्रॅनाइट घोस्ट. हलला नाही तर दिसतच नाही. गच्चीवरच्या उघड्या टाकीतसुद्धा तो अंडी घालतो.

भातखाचर, पाणथळ गवत. पाइड पॅडी स्किमर, ट्रम्पेट टेल, ग्रीन मार्श हॉक, आणि पिवळी कोरोमंडल मार्श डार्ट ही टाचणी.

तळं, पाझर तलाव, विदर्भातले मामा (माजी मालगुजारी) तलाव. रडी मार्श स्किमर, कॉमन पिक्चर विंग, आणि पाण्यात उभ्या सुक्या काडीच्या टोकावर कॉमन क्लबटेल.

डोंगरातला ओढा, कोकणातला व्हाळ. दगडावर काळा-निळा ब्लॅक स्ट्रीम ग्लायडर. सावलीत, फांद्यांवर हिरव्या धातूसारख्या चमकणाऱ्या फॉरेस्ट ग्लोरी टाचण्या. आणि नशीब असेल तर स्ट्रीम ग्लोरी. तिचा नर उडताना मागचे पंख मोरपिशी हिरवे झळकतात, बसला की तेच पंख काळपट दिसतात.

पाणीच नाही, नुसतं मैदान. पाऊस उघडल्यावर क्रिकेटच्या मैदानावर डोक्याच्या उंचीला पन्नास-शंभर पिवळसर चतुर न थकता घिरट्या घालत असतील, तर ते वाँडरिंग ग्लायडर. मुलं ज्यांना हेलिकॉप्टर म्हणतात ते बहुधा हेच. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यात यांची अळी दीड-दोन महिन्यांत वाढते आणि डबकं आटायच्या आत किडा उडून जातो. भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडणारा चतुर हाच.

> तपासा: जागा हा पुरावा आहे, निकाल नाही. डिच ज्वेल स्वच्छ तळ्यावरही मिळतो. पण ओढ्यावरची म्हणून सांगितलेली जात तुम्हाला गटारावर ‘सापडली’ असेल, तर नाव लिहिण्याआधी पुढचे टप्पे दोनदा करा.

## टप्पा 3: बसतो कसा, उडतो कसा

जवळ जायची घाई नको. आधी लांबूनच दोन मिनिटं बघा. बहुतेक चतुर उडून पुन्हा त्याच काडीवर येतात, त्यामुळे पहिल्यांदा उडाला म्हणून पाठलाग करू नका. काडीपासून दोन मीटरवर खाली बसून राहा. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. सावली पडली की तो गेलाच.

आता बसणं बघा. जमिनीवर, पायवाटेवर, अंगणात सपाट बसणारा लहानसा, साधारण तीन सेंटिमीटरचा चतुर म्हणजे ग्राउंड स्किमर असण्याची शक्यता मोठी. फांदीला खालच्या बाजूने लोंबकळणारा म्हणजे वाँडरिंग ग्लायडर, किंवा दिवसा सावलीत झोपलेला कोरल-टेल्ड क्लाउडविंग, किंवा मोठ्या हॉकर गटातला कोणी. गवताच्या अगदी शेंड्यावर बसून वाऱ्याबरोबर डुलणारा, आणि उडाला तर फुलपाखरासारखा फडफडणारा, तो पिक्चर विंग.

तिन्हीसांजेची फेरी इथेच कामाला येते. अंधारू लागल्यावर पाण्यावर वेगाने फिरणारे दोन पांढरे ठिपके दिसले तर तो क्लाउडविंगचा नर. त्याच्या मागच्या पंखांवर तपकिरी डागाला लागून दुधी डाग असतो, अंधारात तेवढाच दिसतो. मादीला तो दुधी डाग नसतो.

> सावध: भर दुपारी चतुर शेपटी सरळ आकाशाकडे उभी करून बसतो. ही जातीची खूण नाही. ऊन अंगाच्या कमीत कमी भागावर पडावं म्हणून केलेली ती सोय आहे, आणि पुष्कळ जाती ती करतात. ‘शेपटी वर करणारा चतुर’ असा शोध घेऊ नका.

## टप्पा 4: फोटो, पण या क्रमाने

पहिला फोटो लांबूनच काढा, कितीही वाईट येवो. दुसरा बाजूने. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच कोणी काढत नाही. छातीवरचे पट्टे, पायांचा रंग आणि नर-मादीची खूण बाजूनेच दिसते. तिसरा वरून, पंखांच्या मुळासकट. चौथा जमला तर शेपटीच्या टोकाचा.

बाजूचा फोटो काढायला उभं राहून चालत नाही. गुडघ्यावर बसा, फोन किड्याच्या उंचीला आणा. पँट चिखलाने भरली नाही तर फोटो बहुतेक वरूनच आला असेल.

## टप्पा 5: पंख

पंख पूर्ण पारदर्शक, मुळाशी रंगीत, की अर्ध्याहून जास्त रंगीत, हे तीनच पर्याय वहीत लिहा. शिवाय पुढच्या कडेवर, टोकाजवळ, एक छोटा आयताकृती ठिपका असतो. त्याचाही रंग टिपा. ग्रॅनाइट घोस्टचा हा ठिपका मध्ये काळा आणि दोन्ही टोकांना पांढरा असतो. फोटोत भिंत आणि किडा वेगळे कळत नसतील तेव्हा मी तो ठिपकाच शोधतो.

रंगीत पंखांच्या जाती सोप्या. पिक्चर विंगचे पंख पिवळे आणि त्यांवर काळपट नक्षी. मादीच्या मागच्या पंखांवर काळा रंग बराच जास्त आणि पुढच्या पंखांचा टोकाकडचा भाग पारदर्शक. पाइड पॅडी स्किमरच्या नराच्या पंखाचा मुळाकडचा अर्धा भाग निळसर काळा, मग दुधी पट्टा, मग पारदर्शक टोक. मादी बघून मात्र लोक वेगळी जात समजतात. ती पिवळसर, पंखांवर तपकिरी डाग, आणि पंखांची टोकं काळपट. जंगलात सगळे पंख गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे आणि टोकाशी तेवढे पारदर्शक दिसले तर तो फुल्व्हस फॉरेस्ट स्किमर.

## टप्पा 6: नर की मादी

इथे थांबा आणि वेळ द्या. हा टप्पा टाळला की पुढचं सगळं चुकतं.

आपण जिला शेपटी म्हणतो ते खरं तर पोट आहे, आणि त्याला दहा खंड असतात. छातीला लागून असलेला तो पहिला. बाजूच्या फोटोत दुसऱ्या खंडाच्या खालच्या बाजूला बघा. तिथे छोटा उंचवटा, आकड्यासारखं काहीतरी लोंबताना दिसलं तर नर. ते नराचं मिलनाचं अवयव आहे आणि ते पोटाच्या टोकाला नसून मुळाशी असतं. तिथे सपाट असेल तर मादी. रंग काहीही असो, ही खूण बदलत नाही.

दुसरी खूण शेपटीच्या टोकाला. नर चतुराला वरती दोन आणि खाली एक अशी तीन टोकं असतात. त्यांनीच तो मादीला डोक्यापाशी पकडतो. मादीला दोन छोटी, साधी टोकं. टाचणीच्या नराला चार टोकं असतात आणि तो मादीला मानेपाशी धरतो. टाचणीच्या आणि हॉकर गटातल्या मादीच्या आठव्या-नवव्या खंडाखाली अंडी घालायचं फुगीर अवयव दिसतं, कारण त्या वनस्पतीच्या देठाला चीर पाडून आत अंडी ठेवतात.

एक फसवणूक इथे होते. कॉमन क्लबटेलच्या शेपटीच्या टोकाजवळ दोन्ही बाजूंना पानासारखे पसरट भाग असतात. ते नराला आणि मादीला दोघांनाही असतात. त्यावरून काही ठरवू नका.

फोटो नसेल तर वागणुकीवरून:

- जोडी एकमेकांना धरून उडत असेल तर पुढचा, शेपटीने धरणारा, तो नर.
- शेपटीचं टोक पाण्याला टक-टक लावत असेल ती मादी. आख्खं अंग पाण्यात आपटून वर गेलं तर ती अंघोळ, आणि अंघोळ नरही करतात.
- अंडी घालणाऱ्या मादीच्या वर घिरट्या घालून दुसऱ्यांना हाकलणारा तो नर.

आणि मादी मिळतच नाही अशी तक्रार असेल तर तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. पाण्याच्या काठावर नर जागा धरून बसतात. माद्या अंडी घालायच्या वेळेपुरत्या येतात, एरवी त्या काठापासून वीस-तीस पावलं लांब गवतात, झुडपांत, बांधावर असतात. पाण्याकडे पाठ करून चाला.

> तपासा: दुसरा खंड दिसत नसेल तर वहीत ‘लिंग कळलं नाही’ असं लिहा. अंदाजाने ‘मादी’ लिहू नका. फिक्या रंगाचा प्रत्येक चतुर मादी नसतो.

## टप्पा 7: वय

नुकताच अळीच्या कातेतून बाहेर आलेला चतुर फिका, मऊ आणि जिलेटीन कागदासारख्या चमकणाऱ्या पंखांचा असतो. जवळच देठावर किंवा भिंतीवर पोकळ, तपकिरी कात चिकटलेली दिसेल. त्याला हात लावू नका. पंख अजून कडक झालेले नसतात आणि एकदा मुडपले की कायमचे मुडपतात.

पुढचे काही दिवस नराचा रंग मादीसारखाच असतो. सगळ्यात जास्त चुका याच वयाच्या किड्यांच्या होतात.

नंतर काही जातींच्या नरांच्या अंगावर राखाडी-निळी भुकटी धरते. द्राक्षाच्या मण्यावर बोट फिरवलं की पुसली जाते ना, तशीच. ग्राउंड स्किमरचा नर कोवळा असताना हिरवट पिवळा, काळ्या खुणांचा असतो. पुढे भुकटी चढत चढत पूर्ण निळा होतो. मधल्या अवस्थेत अर्धा हिरवा, अर्धा निळा असा जो दिसतो, तो नवी जात नव्हे. मिलनाच्या वेळी मादीच्या पायांनी ही भुकटी खरवडली जाते, म्हणून जुन्या नराच्या पोटावर काळे ओरखडे दिसतात. तीही खूण जातीची नाही, त्याच्या संसाराची आहे.

टाचण्यांत यलो बुश डार्टची कोवळी टाचणी जवळजवळ पांढरीफटक असते, अंगावर काळ्या खुणा. दरवर्षी कोणीतरी ‘पांढरी टाचणी सापडली’ म्हणून आनंदाने पाठवतो. पुढे पाय पिवळे होतात तेव्हा ओळख पटते. आणि सेनेगल गोल्डन डार्टलेट या टाचणीची मादी दोन रूपांत येते. एक रूप हुबेहूब नरासारखं, शेपटीच्या टोकाला निळा ठिपका. म्हणजे ‘निळा ठिपका म्हणजे नर’ हा नियमही धरून चालत नाही. पुन्हा दुसरा खंडच बघायचा.

## टप्पा 8: आता रंग

### लाल आणि नारिंगी

पायांपासून सुरुवात करा.

रडी मार्श स्किमर (क्रोकोथेमिस सर्व्हिलिया): नर डोळ्यांपासून शेपटीपर्यंत रक्तासारखा लाल, पायही लालसर. पोटावर मधोमध बारीक काळी रेघ, पंखांच्या मुळाशी मधासारखा डाग. मादी पिवळी आणि काळी रेघ ठळक.

क्रिमसन मार्श ग्लायडर (ट्रायथेमिस ऑरोरा): लालात गुलाबी-जांभळी झाक, पाय काळे, आणि पंखांच्या शिरा लाल. मादी ऑलिव्ह आणि तांबूस, काळ्या खुणांची. पहिल्या जातीशी होणारा गोंधळ नव्वद टक्के वेळा पाय बघितल्यावर मिटतो. टक्केवारी माझ्या अंदाजाची आहे, पण पाय खरंच बघा.

क्रिमसन-टेल्ड मार्श हॉक (ऑर्थेट्रम प्रुइनोसम): हा दोन रंगांचा. छाती पाटीसारखी निळसर-करडी आणि पोट गुलाबी लाल. विहिरी, टाक्या, ओढे, सह्याद्रीत तर जिथे तिथे. वरून काढलेल्या फोटोत उन्हामुळे छाती काळी येते आणि लोक ‘लाल चतुर’ म्हणून मोकळे होतात. मादी नुसती तपकिरी.

डिच ज्वेल (ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा): नर नारिंगी, आणि पंखांवरचा नारिंगी रंग मुळापासून जवळजवळ टोकाच्या ठिपक्यापर्यंत गेलेला. रडी मार्श स्किमरचा डाग फक्त मुळाशी असतो. मादी फिकी, हिरवट तपकिरी, पंख पारदर्शक.

### निळे

ग्राउंड स्किमरचा जुना नर लहान, जमिनीवर बसणारा, शेपटीच्या टोकाची अवयवं पांढरट. हा पांढरेपणा लांबूनही दिसतो. त्याहून मोठा, सावलीतल्या ओढ्यावरचा, पंखाच्या मुळाशी गडद मधाळ डाग असलेला तो ब्लू मार्श हॉक. ब्लॅक स्ट्रीम ग्लायडर अधिक काळा, पोटाच्या बाजूला पिवळसर रेघा. ट्रम्पेट टेल आकारानेच कळतो: निळ्या-काळ्या नक्षीचं पोट पुढे फुगीर आणि मागे एकदम काडीसारखं बारीक.

ऑर्थेट्रम गटातल्या, म्हणजे मार्श हॉकच्या, निळ्या जातींमध्ये बाजूचा फोटो नसेल तर मी नाव देत नाही. ‘ऑर्थेट्रम, निळा नर’ इथे थांबतो. तुम्हीही थांबा.

### पिवळे आणि हिरवे

हा भाग अवघड, कारण इथे माद्या आणि कोवळे नर सगळे एकत्र येतात.

ग्रीन मार्श हॉक मात्र सुटा पडतो. हिरवट पिवळा आणि काळा, डोळे हिरवे, पोट मुळाशी फुगलेलं, मध्ये बारीक, पुन्हा टोकाकडे जरा रुंद. नर-मादी सारखेच. तोंडात फुलपाखरू किंवा दुसरा चतुर धरून बसलेला दिसला तर हाच असण्याची शक्यता जास्त. ग्राउंड स्किमरची मादीही हिरवट पिवळी-काळी असते, पण ती बरीच लहान, आणि कंबर अशी आवळलेली नसते.

पिवळ्या टाचण्यांत कोरोमंडल मार्श डार्टच्या नराचं पोट स्वच्छ पिवळं, एकही खूण नाही. टोकाला निळं असेल तर ती गोल्डन डार्टलेट, वरची सेनेगल नव्हे.

> सावध: कॅमेऱ्यातले रंग फसवतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात पिवळा नारिंगी दिसतो, भर दुपारी लाल गुलाबी. डोळ्यांनी दिसलेला रंग त्याच क्षणी वहीत लिहा, घरी आल्यावर फोटो बघून नको.

## टप्पा 9: नोंद

तारीख, वेळ, जागा, पाण्याचा प्रकार, काय करत होता, लिंग, वय, आणि मगच नाव. नावासोबत शास्त्रीय नाव लिहा, कारण इंग्रजी नावं पुस्तकागणिक बदलतात. आपण ज्याला रडी मार्श स्किमर म्हणतो त्याला इतर देशांत स्कार्लेट स्किमर म्हणतात. ग्रीन मार्श हॉकचा स्लेंडर स्किमर होतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर टाकताना एकाच किड्याचे सगळे कोन एकाच नोंदीत टाका. तीन फोटोंच्या तीन नोंदी केल्या तर बघणाऱ्याला प्रत्येक वेळी अर्धाच किडा दिसतो. आणि ते ॲप सुचवतं ते नाव डोळे मिटून स्वीकारू नका. त्यालाही वरून काढलेला फोटोच दिसलेला असतो.

## एकदा सगळे टप्पे लावून

सप्टेंबर, सकाळचे साडेनऊ. गावाबाहेरचा पाझर तलाव, काठाला गवत, पाणी साचलेलं आणि बऱ्यापैकी स्वच्छ. काठापासून वीसेक पावलांवर, गुडघाभर गवतात, काडीवर एक पिवळा चतुर.

पंख आडवे, अंग दणकट, म्हणजे चतुर. लोंबकळत नाही, जमिनीवर नाही, काडीवर बसतो आणि पुन्हा तिथेच येतो, म्हणजे वाँडरिंग ग्लायडर गळला. पंख पारदर्शक पण मुळाशी मधाळ डाग, म्हणजे डिच ज्वेलची मादी गळली. वरून पोटाच्या मधोमध काळी रेघ, पाय पिवळसर, काळे नाहीत. इथपर्यंत कोणीही ‘रडी मार्श स्किमर, मादी’ लिहून घरी गेलं असतं.

मी चिखलात गुडघे टेकले आणि बाजूने बघितलं. दुसऱ्या खंडाखाली उंचवटा होता. पंख अजून जिलेटीनसारखे चमकत होते. वहीत लिहिलं: क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, नर, कोवळा, पिवळा.

त्याच संध्याकाळी, बरोबर आलेल्या मित्राने त्याच किड्याचा त्याने काढलेला फोटो पाठवला. वरून. खाली लिहिलं होतं, ‘मादी ना रे ही?’